एकही डोस चुकलेला नाही

४ ऑगस्ट, सोमवार

नेओमीचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी झुकिनी किसत बसले होते. काल चर्चबाहेर गाडीला कुलूप लावायचं राहिलं, तर कुणीतरी मागच्या सीटवर आपल्या परसातल्या झुकिनीची पिशवी भरून ठेवून गेलं. ऑगस्टमध्ये या गावात गाडीतून काही चोरीला जात नाही, उलट भर पडते.

नेओमी आमची वॉशिंग्टनची वकील. म्हणाली, जज्जबाईंनी चार सप्टेंबर तारीख दिली आहे, आणि निकालाआधी आमच्यापैकी एकाला समोर उभं करून ऐकायचंय. तिने माझं नाव दिलं. बाकीच्या संस्था मोठ्या, त्यांचे साहेब लोक गुळगुळीत बोलतात. मी आपली न्यू हॅमर, मिनेसोटाची आर्डिस टॉर्गरसन, जुन्या बँकेच्या माडीवर दोन खोल्यांत आमच्या छोट्या संस्थेचं ऑफिस.

लिहून ठेवते, म्हणजे माझंच डोकं ठिकाणावर राहील. काँग्रेसने परदेशी मदतीचे पैसे मंजूर केले, राष्ट्राध्यक्षांची सही झाली, कायदा झाला. मग सरकार म्हणालं, आम्ही ते खर्चच करणार नाही. आम्ही काही संस्था कोर्टात गेलो की कायद्याने खर्चायला सांगितलेले पैसे दाबून बसायचा हक्क तुम्हाला कुणी दिला. इतकी साधी गोष्ट. पण तीस सप्टेंबरला सरकारी वर्ष संपतं. तोवर हुकूम झाला नाही तर पैसे परत तिजोरीत. मग आमचं म्हणणं बरोबर ठरलं तरी त्याचं काय लोणचं घालायचंय?

आमचं काम आफ्रिकेत, लेसोथोच्या डोंगरात. वाडीवाडीत जाऊन क्षयरोग्यांना औषध पोचवायचं. महिनोन् महिने, रोज. मध्ये खंड पडला की रोग औषधाला सरावतो, आणि मग ते औषध लागूच पडत नाही. नेओमी म्हणते, हेच कोर्टाला दाखवायचंय, नंतर कितीही पैसे दिले तरी भरून न येणारं नुकसान. मग तिने विचारलं, आतापर्यंत कुणाच्या औषधात खंड पडलाय का?

मी ताठ मानेने सांगितलं, एकाच्याही नाही. ती म्हणाली, बरं, हे आपण भेटून बोलू.

७ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार म्हणजे मालिनेओचा फोन. ती आमची तिथली नर्स, डोंगरातला सगळा कारभार तिच्या एकटीच्या जिवावर. मला 'म्मे आर्डिस' म्हणते. त्यांच्याकडे मोठ्या बाईला आईच म्हणतात. आमचा फोन कायम एकाच पद्धतीने सुरू होतो. ती म्हणते, आम्ही बरे आहोत, म्मे आर्डिस, तुम्ही? मी म्हणते, आम्हीही मजेत. मग कामाचं.

फोन स्पीकरवर असतो, आज वाऱ्याचा आवाज फार होता. तिथे आता थंडी, वरच्या वाड्यांवर बर्फ पडलंय म्हणाली. धापा टाकत होती. मी म्हटलं, चांगला व्यायाम होतोय की तुझा! हसली. मग मला विचारते, औषधात खंड पडला असं कधी म्हणायचं, दोन दिवस चुकले तर, की आठवडा गेला तर? इतकी वर्षं काम करून अजून अभ्यास सुटला नाही पोरीचा. मी तिला सरळ पुस्तक बघून सांगितलं.

डेल बाजूला खुर्चीत पेपर वाचत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "धापा का टाकत होती? मोटरसायकल आहे ना तिच्याकडे?"

मी म्हटलं, डोंगर आहे तो, आपलं मक्याचं शेत नव्हे. नवरा रिटायर झाला की घरात एक जादा इन्स्पेक्टर येऊन बसतो.

मोटरसायकलीचं एक झालं होतं खरं. फेब्रुवारीत सरकारचं फर्मान आलं की आमच्या पैशांनी घेतलेली कुठलीही वस्तू पुढची सूचना येईपर्यंत वापरायची नाही. मी ते तिला तसंच पाठवलं आणि खाली लिहिलं, तुला कळेलच काय करायचं ते. इतकं पुरे. शहाण्या माणसाला फोड करून सांगावं लागत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आज मी 'आनंद आणि चिंता'त उभी राहिले. प्रवचनानंतर पास्टर लिन विचारतात, कुणाला काही सांगायचंय का. मग लोक बाकावरून उठून आपला आनंद नाहीतर आपली चिंता सांगतात आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. आनंदाला तोटा नसतो. नातवंडं, पाऊस, पोराला नोकरी. चिंता मात्र ऑपरेशनपुरती. पित्ताशय, गुडघा, मोतीबिंदू. पैशाचं रडगाणं घेऊन उभं राहिलेलं मी बाई जन्मात कुणाला पाहिलं नाही. डेलची नोकरी गेली त्या रविवारी मी टोमॅटोच्या पिकाबद्दल आभार मानले होते.

तर मी माईक हातात घेतला आणि सांगितलं की तुम्ही सगळ्यांनी घरी भाजलेले ॲपल पाय विकून, जुने कपडे विकून जे पैसे गोळा केलेत, त्यातून नाताळपर्यंतचं औषध घेऊन झालंय. सरकारने हात वर केले, पण न्यू हॅमरने नाही. आमच्या मालिनेओने एकाही रुग्णाचा एकही डोस चुकू दिलेला नाही. टाळ्या पडल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या! एडना लुंडने रुमाल काढला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

डेल बुटांकडे बघत होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, "एकही नाही, हे तुला कोण म्हणालं?"

"मालिनेओ."

"तू विचारलंस, की ती म्हणाली?"

मी घरापर्यंत त्याच्याशी बोलले नाही. तीन मिनिटांचाच रस्ता आहे, पण तरी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

नेओमी स्वतः आली. मी ओव्हनमध्ये हॉटडिश केली होती, खिमा आणि भाजी, वर कुरकुरीत बटाटे घालून. तिने दोनदा घेतली, त्यामुळे मला ती आवडली. मग जेवणाच्या टेबलावरच सराव म्हणून ती सरकारी वकील झाली आणि मी साक्षीदार.

तिने विचारलं, सरकारने पैसे थांबवल्यावर तुमच्या रुग्णांचं काय नुकसान झालं? मी म्हटलं, आम्ही होऊच दिलं नाही. तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, तुम्ही जितकं छान निभावून न्याल तितकं सरकारचं फावेल. ते म्हणणार, बघा जज्जबाई, यांचं आमच्यावाचून काही अडलेलंच नाही.

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, म्हणजे केस जिंकायला मी माणसं मरू द्यायची की काय?

"नाही, आर्डिस," ती शांतपणे म्हणाली. "मी फक्त खरं काय ते विचारतेय. तिथे खरोखर कुणाचंच काही चुकलेलं नाही?"

तिला मालिनेओचं शपथेवरचं निवेदन हवंय. मी नाही म्हटलं. सात महिने ती बाई जिवाचं रान करतेय, आणि मी तिला म्हणू, शपथ घे, मगच विश्वास ठेवीन? आमच्यात असं करत नाहीत. मी गुरुवारी विचारून घेते म्हटलं. निघताना नेओमी दाराशी पटकन बाय म्हणून गेली. वॉशिंग्टनच्या लोकांना निरोप घेता येत नाही. आमच्याकडे दाराशी अर्धा तास जातोच.

रात्री जेवण गेलं नाही. ती जे म्हणाली ते डोक्यातून जाईना. चांगलं काम केल्याची शिक्षा होते असं मी कधी ऐकलं नव्हतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

विचारलं. मी म्हटलं, "मालिनेओ, सगळं ठीक आहे ना? कुणी राहिलं नाही ना?"

वाराच वारा. मग ती म्हणाली, "नाही, म्मे आर्डिस. सगळे आहेत."

झालं. मी तसं नेओमीला कळवलंसुद्धा. आणि काय गंमत! मालिनेओने आमची रविवारची प्रार्थना फोनवर पाहिली. आमचं चर्च सगळं इंटरनेटवर टाकतं ना, एडनाला गुडघ्यामुळे येता येत नव्हतं तेव्हापासून. ती टेकडीवर बसून पाहत होती. म्हणाली, तुम्ही माझं नाव घेतलंत, लोकांनी टाळ्या वाजवल्या, ते मी दोनदा पाहिलं. मी म्हटलं, मग! तुझा अभिमान आहे आम्हाला. त्यावर ती घाईने थंडीबद्दल बोलू लागली. लाजली असणार.

मी मोलेफीचं विचारलं. मेंढपाळ पोरगा तो, एकोणीस-वीसचा. वर्षभरापूर्वी हाडांचा सापळा होता, आता घोंगडी पांघरून हसतोय असा त्याचा फोटो आमच्या फ्रिजवर आहे. त्याचा शेवटचा महिना चालू असेल. ती म्हणाली, तो फार वर राहतो. मी म्हटलं, हो ना, किती चढ तो!

२८ ऑगस्ट, गुरुवार

फोन आला नाही. नेटवर्क नसेल. डेलने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा मी त्याला मका सोलायला बसवलं.

४ सप्टेंबर, गुरुवार. वॉशिंग्टन

झाली साक्ष.

सरकारी वकील राक्षस असेल असं मला वाटलं होतं. कसचं काय! आमच्या बँकेतल्या पोरासारखा दिसतो, बोलताना लग्नाची अंगठी फिरवत होता. आधी आमच्या कामाचं कौतुक केलं. मग म्हणाला, दहा ऑगस्टला तुमच्या चर्चमध्ये तुम्ही काय बोललात ते मी वाचून दाखवतो. माझंच वाक्य, अक्षर न् अक्षर. न्यू हॅमरने हात वर केले नाहीत. एकाही रुग्णाचा एकही डोस.

"हे तुम्ही खरं बोललात का?" त्याने विचारलं.

आता काय म्हणू? शपथ घेतलेली. आणि देवाच्या घरात बोललेलं. नेओमी माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "हो. खरं आहे."

तो थँक यू म्हणून बसला. इतकंच. मग नेओमी उठली आणि विचारलं की असं किती दिवस चालवू शकाल. मी सांगायला हवं होतं की नाही चालवू शकणार. ते मला कळत होतं. पण सगळं कोर्ट बघत असताना माझ्या तोंडून निघालं ते असं, "देवाच्या कृपेने निभावून नेऊ." तोंडाला तीच सवय. जज्जबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना माझी कीव आली असं वाटलं, का ते कळलं नाही.

बाहेर आल्यावर नेओमी म्हणाली, तुम्ही प्रामाणिकपणे बोललात. पण म्हणताना माझ्याकडे न बघता टॅक्सी बघत होती.

९ सप्टेंबर, मंगळवार

निकाल लागला. जज्जबाईंनी सरकारला झापलं: काँग्रेसने खर्चायला सांगितलेले पैसे अडवायचा अधिकार तुम्हाला नाही. बाकी सगळ्यांचे पैसे तीस तारखेच्या आत सोडायचा हुकूम झाला. सगळ्यांचे, आमचे सोडून. आमच्याबद्दल लिहिलंय की या संस्थेचं भरून न येणारं नुकसान होत असल्याचं दिसत नाही. काम विनाखंड चालू असल्याचं संचालिकेनेच शपथेवर सांगितलं आहे.

दुकानात एडना भेटली. अभिनंदन, टीव्हीवर पाहिलं, आपण जिंकलो म्हणाली. मी थँक यू म्हटलं. दूध न घेताच घरी आले.

नाताळपर्यंतचं औषध आहे. पुढे काय? किती पाय विकणार आहोत आम्ही? मला स्वतःचा राग येतोय आणि मी काय चुकीचं केलं तेही सापडत नाही. खरं बोलल्याबद्दल हरले, असं झालं ना हे?

११ सप्टेंबर, गुरुवार

देवा.

मालिनेओचा फोन आला. आम्ही बरे आहोत, म्मे आर्डिस, तुम्ही? मी तोंड उघडायच्या आत डेलने माझ्या हातातून फोन घेतला. सदतीस वर्षांच्या संसारात त्याने असं कधी केलं नव्हतं.

"पोरी, डेल बोलतोय," तो म्हणाला. "ती मोटरसायकल कुठे आहे?"

ती म्हणाली, शेडमध्ये. चादर घालून ठेवली आहे. फेब्रुवारीपासून. म्मे आर्डिसनी हुकूम पाठवला होता ना. तुला कळेलच काय करायचं, असं लिहिलं होतं. मला कळलं, मी किल्ली पेटीत ठेवून कुलूप लावलं.

वरच्या वाड्यांवर औषध नेणाऱ्या घोडेवाल्यांचा पगार मार्चमध्येच बंद झाला. तो सरकारी पैशांतून व्हायचा. आम्ही पाय विकून घेतलेलं सगळं औषध दवाखान्यात रचून ठेवलंय, डोंगर चढायला फक्त मालिनेओचे दोन पाय. खालच्या वाड्या ती चालत करते. वरच्या वाड्यांना जुलैत बर्फ पडल्यापासून तिला जाताच आलं नाही. खालच्या वाड्यांतलं कुणी चुकलं नव्हतं, तेवढ्यांपुरतं ती 'सगळे आहेत' म्हणाली होती. मोलेफीला पाच आठवडे औषध नव्हतं. तो स्वतः उतरून आला, तेव्हा थुंकीत रक्त होतं. राजधानीतून तपासणीचा रिपोर्ट आला आहे, पहिलं औषध आता त्याला लागू पडणार नाही. त्याची धाकटी बहीणही खोकते.

मी फोन घेतला. मी ओरडलेच असेन, कारण डेलने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस?

"तुम्ही विचारलंत, कुणी राहिलं नाही ना," मालिनेओ म्हणाली. "असं विचारल्यावर 'राहिलंय' कसं म्हणायचं, म्मे? आणि तुम्ही तुमच्या लोकांसमोर, चर्चमध्ये उभ्या राहून सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं पाडू?"

मग म्हटलं, गाडी काढ. कुलूप तोड. हुकूम मोडल्याचं काय व्हायचं ते माझं होऊ दे, तसं मी आज लिहून पाठवते, सहीनिशी. आणि या वेळी स्पष्ट लिहिते.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

नेओमीला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जज्जबाईंकडे फेरविचाराचा अर्ज करता येईल, वेळ कमी आहे पण येईल. मालिनेओचं निवेदन लागेल. आणि माझं, की मी कोर्टात शपथेवर सांगितलेलं चूक होतं.

"सरकार म्हणणार, हरल्यावर ही बाई गोष्ट बदलतेय," ती म्हणाली. "ते चर्चचं बोलणं पुन्हा वाचणार. तुम्ही कोर्टात एक म्हणता आणि गावात एक, असं चालणार नाही, आर्डिस."

मला कळलं ती काय सांगतेय. कोर्टाची मला आता भीती वाटत नाही. एडनाची वाटते.

१४ सप्टेंबर, रविवार

पास्टर लिननी विचारलं, कुणाला काही सांगायचंय का. ओल्सनांना नात झाली. मक्याला पाऊस झाला. मग मी उठले. माईक देताना एडना माझ्याकडे बघून आधीच हसायला लागली होती.

मी म्हटलं, "माझी चिंता आहे."

पित्ताशय असेल असं वाटून सगळ्यांनी चेहरे तसे केले. मी म्हटलं, मागच्या महिन्यात मी इथे उभी राहून सांगितलं की एकही डोस चुकलेला नाही. ते खरं नव्हतं. तुमचे पैसे पुरलेले नाहीत, पुरणारही नाहीत. हे काम सरकारचं आहे, कायद्याने त्यांच्यावर घातलेलं, आणि ते पाय विकून होत नाही. मी मात्र तुम्हाला आणि जज्जांना सांगत सुटले की होतंय. फ्रिजवरच्या फोटोतला मोलेफी आता पुन्हा आजारी आहे, आणि आपण पाठवलेलं औषध त्याला चालत नाही.

टाळ्या नाहीत, काही नाही. मी बसले तेव्हा एडनाने माझ्याकडे पाहिलं नाही. सरकून बसली फक्त, मला जागा व्हावी म्हणून की लांब जावं म्हणून, कळलं नाही. मग मागून बर्ट ओल्सन उठला, ज्याच्याकडे आत्ताच नात आलेली. म्हणाला, आपलीही चिंता आहे. बँक शेत घेणार आहे. आणि खाली बसला.

३० सप्टेंबर, मंगळवार

शुक्रवारी जज्जबाईंनी आमचं नाव हुकुमात घातलं. सोमवारी सरकार वरच्या कोर्टात गेलं. वरच्या कोर्टाने विचार करायला थोडे दिवस घेतले आणि तोवर हुकूम थांबवला. थोडे दिवस आमच्याकडे नव्हतेच. आज वर्ष संपलं. बाकीच्यांचे पैसे सुटले होते, आमचे गेले.

चार तारखेला नीट उत्तर दिलं असतं, तर आज तेही सुटले असते. यात आता कुणी काही म्हणून उपयोग नाही. नेओमी म्हणते, लढत राहू. मी हो म्हटलं. डेल अंगणातली पानं गोळा करत राहिला, अंधार पडल्यावरसुद्धा.

२ ऑक्टोबर, गुरुवार

आज सकाळपासून फोनची वाट बघत बसले होते. तिला काय सांगायचं, पैसे गेले हे कसं सांगायचं, काही जुळेना. ओल्सनांनी घोडेवाल्यांसाठी काही पाठवलंय, बँक दारात उभी असताना. एडनानेही. पण ते सांगून काय होणार, जे गेलं ते केवढं होतं.

फोन वाजला. मागे मोटरसायकलीचं इंजिन चालू होतं. तिने ते बंद केलं.

"म्मे आर्डिस, मी तुमचा रविवार पाहिला," ती म्हणाली. "आज आम्ही बरे नाही. तुम्ही?"

"आम्हीही नाही," मी म्हटलं. "मालिनेओ, पैसे गेले. माझ्यामुळे गेले. आता मोलेफीचं सांग. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस."

ती सांगू लागली. डेल खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला.